दीड वाजताचा खड्डा

मन्मथआप्पांना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कधीपासून?"

पोट दुखतंय म्हणा, पोरगं नापास झालं म्हणा, भावाभावांत बोलणं बंद झालंय म्हणा. आप्पा हळहळायचे नाहीत, सल्ला द्यायचे नाहीत, चहासुद्धा सांगायचे नाहीत. कपाळावरच्या भस्माच्या तीन पट्ट्यांखालचे डोळे बारीक करून नुसतं विचारायचे, "कधीपासून?" आणि तुम्ही "झाले की आठ-पंधरा दिवस" असं मोघम बोललात तर तुम्ही त्यांना खोटं नाणं दिल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. कुठलाही बिघाड एका ठरावीक दिवशी सुरू होतो. तो दिवस सापडला की निम्मा बिघाड सापडला. लोक त्या दिवसाकडे बघतच नाहीत, थेट रडायला बसतात.

मी सिरसाळ्याला त्यांच्याकडे खोल्या भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा माझीही यातून सुटका झाली नाही. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं भांड्यांचं दुकान, दुकानाला लागून दोन रिकाम्या खोल्या, वर त्यांचं घर. मी म्हटलं, कम्प्युटरचा क्लास काढायचाय.

"तुमाला येतं का कंप्युटर?"

"येतं."

"कधीपासून?"

खरं सांगायचं तर सहा महिन्यांपासून. माजलगावला एकाच्या क्लासमध्ये पोरांना शिकवता शिकवता जेवढं आलं तेवढंच. मी ते तसंच सांगून टाकलं, कारण मला खोटं पटकन सुचत नाही. आप्पांनी मान हलवली आणि किल्ली काढून दिली. त्या दिवसापासून मी त्यांचा 'सर' झालो.

त्या वर्षांत गावात सगळंच नवं येत होतं. फोन मागितला की मिळायला लागला होता, एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, आणि ज्याच्या त्याच्या पोराला कम्प्युटर शिकायचा होता. बाजारात प्लॅस्टिकच्या घागरी आल्या होत्या. रंगीत, हलक्या, पितळेच्या पाव किमतीत. आप्पांचा धंदा त्या घागरींनी अर्ध्यावर आणला. एक व्यापारी नमुना घेऊन दुकानात आला तेव्हा मी तिथंच होतो. आप्पांनी घागर उचलून कानाशी धरली आणि नखानं वाजवली. प्रत्येक भांडं ते असंच वाजवून घ्यायचे आणि वाजवून द्यायचे. पुन्हा वाजवली. मग ती खाली ठेवून व्यापाऱ्याला म्हणाले, "ह्याला आवाजच न्हाई. फुटलेली कळायची कशी?"

व्यापारी म्हणाला, "आप्पा, पाणी गळलं की कळेल."

"ते तर सगळ्यांनाच कळतंय," आप्पा म्हणाले, आणि घागर परत दिली. गंगाकाकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, जिन्यातून हे सगळं ऐकलं. मला म्हणाल्या, "बघा सर. लोक गाड्या घ्यायलेत, आन् हे घागरीचा आवाज ऐकायलेत."

तर अशा माणसाच्या घरात सर्व्हर आला.

आणला त्यांच्या पुतण्यानं, बसवराजनं. तो औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. होळीच्या सुट्टीत तो दोन वस्तू घेऊन आला. एक जुना, पिवळा पडलेला कम्प्युटर, आणि काकूंना संध्याकाळी पुन्हा बंब पेटवायला नको म्हणून पाणी तापवायचा एक दणकट रॉड. रॉड बाथरूममधल्या खिळ्याला लटकला, आणि कम्प्युटर वरच्या मजल्यावर देवघराशेजारच्या खोलीत बसला. बसवराज म्हणाला, हा सर्व्हर आहे, हा बंद करायचा नाही. फोनच्या वायरवरून तो इंटरनेट घेणार आणि जमिनीला भोक पाडून सोडलेल्या वायरीतून खाली माझ्या क्लासला देणार. पोरांच्या फायलीही त्याच्यावरच राहणार. माझी फुकटात सोय होत होती, मी कशाला नको म्हणू. काकूंनी डब्याला भस्माच्या तीन पट्ट्या ओढल्या आणि फूल वाहिलं. बसवराजला बंगलोरला नोकरी लागली, तो गेला, आणि डबा राहिला आमच्या दोघांच्या गळ्यात.

त्या डब्याला एक खोड होती. तो स्वतःची तब्येत लिहून ठेवायचा. त्याला यूपीएस जोडलेला होता, आणि दर पाच मिनिटांनी तो यूपीएसला विचारायचा की बाबा, बाहेरून व्होल्टेज किती येतंय. आलेल्या उत्तराचा ग्राफ काढायचा. तसाच स्वतःच्या गरमीचाही काढायचा. पडद्यावर हिरवी पट्टी, खाली तास, बाजूला आकडे. बसवराजनं जाताना तेवढं पान कसं उघडायचं ते आप्पांना शिकवून ठेवलं होतं. त्याला वाटलं काकाची करमणूक होईल.

करमणूक कसली. कुठली गोष्ट कधीपासून ते आपणहून लिहून ठेवणारं यंत्र आप्पांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. रोज सकाळी पूजा आटोपली की ते ओल्या अंगावर उपरणं टाकून त्याच्यासमोर बसायचे आणि आदला दिवस वाचायचे. ग्राफला ते 'गराफ' म्हणायचे आणि त्यातल्या प्रत्येक घसरणीला 'खड्डा'. जिन्यातून हाक यायची, "सर, काल चार वाजता खड्डा हाय, बघितला का?" मी खाली तीस पोरांना एक्सेल शिकवत असायचो. मी कशाला बघतोय.

एकदा ते दणादण जिना उतरून आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "सर, लाइट गेली."

"आप्पा, पंखा चालू आहे."

"गराफमधी न्हाई."

मी वर गेलो. हिरवी पट्टी मध्येच तुटून शून्यावर झोपली होती आणि आप्पांच्या डोक्यावर साठचा बल्ब जळत होता. मी बल्बाकडे बोट दाखवलं. आप्पांनी बल्बाकडे बघितलं, ग्राफकडे बघितलं, आणि बल्बाचाच त्यांना संशय आल्यासारखं वाटलं. झालं एवढंच होतं की काकूंनी झाडताना यूपीएसची केबल ओढली होती. विचारायला डबा होता, पण उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मी केबल खोचली, पट्टी पुन्हा उभी राहिली. आप्पा काकूंना एवढंच म्हणाले, "आत्ताच झाडलंस ना?" काकूंना यंत्राचा राग त्या दिवसापासून आला.

दुसऱ्यांदा गरमीचा ग्राफ चढला. दोन-तीन दिवस रोज काही तास चढायचा आणि मग उतरायचा. मी पंखा साफ केला, झाकण उघडून फुंकर मारली, बंगलोरला फोन केला. बसवराजनं फोनवर मला इतकं काही तपासायला लावलं की मला माझ्या सहा महिन्यांच्या शिक्षणाची लाज वाटायला लागली. शेवटी आप्पाच सकाळी तिथं ठाण मांडून बसले. थोड्या वेळानं काकू आल्या आणि आप्पांचं धुतलेलं धोतर त्या उबदार डब्यावर पसरून निघून गेल्या. थंडीत लवकर वाळतं म्हणून. आप्पांनी मला बोलावून ग्राफ दाखवला. "हे बघा. माझं धोतर." त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मी त्यांच्या दुकानातल्या नव्या मालाबद्दलही कधी ऐकला नव्हता. तेव्हापासून मला कळलं की ह्या घरात काहीही झालं तरी ते त्या पट्टीत उतरतं. फक्त बघणाऱ्याला ते ओळखू यायला पाहिजे.

आता कौसाबाईंचं सांगायला पाहिजे.

आप्पांच्या भिंतीला भिंत लावून कौसाबाईंची पिठाची गिरणी होती. नवरा वारल्यावर त्यांनी ती स्वतः चालवायला घेतली. पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून दुपारी बारा ते तीन दळण दळायच्या. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि मोटारीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागल्यामुळे मोटार बंद असतानाही तोच आवाज. लेक अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. तिची फी, मेस, येणं-जाणं सगळं त्या जात्याच्या दोन दगडांतून निघायचं. काकूंची आणि त्यांची चांगली मैत्री होती. आप्पांशी त्यांचं बोलणं कमी, पण ते दळणापुरतं नीट होतं.

आमच्या गल्लीचं दुखणं म्हणजे व्होल्टेज. ट्यूब लागायची नाही, टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आकसायचं, आणि माझे कम्प्युटर पोरांनी पानभर टाइप केलं की बरोब्बर त्याच वेळी बंद पडून पुन्हा चालू व्हायचे. वीज कचेरीत गेलं की उत्तर ठरलेलं. व्होल्टेज बरोबर आहे, तुमच्या घरातलं वायरिंग बघा. ह्याला वर्षं झाली होती.

आप्पांच्या ग्राफमध्ये रोज एक खड्डा यायचा. बाकीचे बारीकसारीक चढउतार असायचेच, पण हा खोल होता, आणि वेळेचा पक्का. दुपारी दीडला सुरू व्हायचा आणि सव्वादोनच्या सुमारास संपायचा. आप्पांनी महिनाभर तो रोज बघितला. मग एक दिवस माझ्याकडून त्याची प्रिंट काढून घेतली आणि गल्लीतल्या चार लोकांना दाखवली. दीड वाजता आपल्या गल्लीत काय चालू असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. भिंतीपलीकडं गिरणी धडधडत होती.

गंमत म्हणजे ती प्रिंट बघितल्यापासून सगळ्या गल्लीला दीड वाजता पंखे हळू झालेले दिसायला लागले. मलाही दिसायचे. शिंपी म्हणायला लागला की दीड वाजता माझ्या मशिनचा टाका सैल पडतोय. ते मशिन पायाचं होतं.

आप्पा आधी कौसाबाईंकडे गेले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. मी बरोबर होतो. आप्पांनी कागद पुढं धरला. "कौसाबाई, हे बघा. तुमच्या मोटारीनं रोज दीडला खड्डा पडायलाय. मोटार संध्याकाळी चालवा, न्हाईतर लहान बसवा."

कौसाबाईंनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "आप्पा, माझी गिरणी वीस वर्षांपासून हाय. तुमचा खड्डा कधीपासून हाय?"

आप्पांनी कागद उलटसुलट करून बघितला. तो प्रश्न त्यांनाच कुणी विचारलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. खरं तर तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण कागद हातात असला की माणसाला आपण बरोबर आहोत असं वाटायला लागतं. आप्पा म्हणाले, "यंत्र आल्यापासून दिसायलाय. त्याच्या आधीचा न दिसता पडत आसंल."

"मग आता बी बघू नका," कौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या बाईचा डबा ओतला.

अर्ज गेला. त्यावर गल्लीच्या सह्या होत्या, ग्राफ जोडलेला होता. वीज कचेरीला इतकी वर्षं आमचं तोंडी रडणं ऐकू आलं नाही, पण त्या हिरव्या पट्टीचा त्यांच्यावर परिणाम झाला. माणसं आली. आमचं व्होल्टेज कुणी बघितलं नाही. गिरणीची मोटार बघितली, मंजूर भारापेक्षा मोठी आहे म्हणाली, आणि कनेक्शन तोडून गेली. कौसाबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्या भांडल्या नाहीत. फडकं सोडलं, झटकलं, घडी घातली आणि दाराला कुलूप लावलं. आप्पांच्या घराकडं त्यांनी मानही वळवली नाही. मला ते दृश्य अजिबात बघवलं नाही, आणि क्लास घ्यायचं निमित्त करून मी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली इतकी शांत होती की माझी पोरं बाहेर डोकावून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला वर बोलावलं. नेहमीसारखं ओरडून बोलावलं नाही, काकूंना पाठवलं.

ते पडद्यासमोर बसले होते. आदल्या दिवशीच्या पट्टीत दीड वाजता खड्डा होता.  जेवढा खोल गिरणी चालू असताना होता तेवढाच खोल.

"सर, गिरणी तर बंद हाय," आप्पा म्हणाले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दुसरी कुणाची मोटार असेल."

 त्या दिवशी ते दुकानात गेलेच नाहीत. दीडच्या आधी मला घेऊन त्याच खोलीत बसले. कुणाकडून तरी काट्याचा व्होल्टमीटर आणून भिंतीच्या प्लगला लावला होता. दीड वाजला. काटा जागचा हलला नाही. पावणेदोन झाले, काटा तसाच. "आता गराफ काय म्हणतोय बघा," ते म्हणाले. मी पान नव्यानं उघडलं. हिरवी पट्टी आत्ताशी सकाळच्या सव्वाआठपर्यंत आली होती. पुढं सगळं कोरं होतं.

मी पानाच्या वरची ओळ वाचली. तिथं इंग्रजीत बारीक अक्षरात शेवटच्या नोंदीची वेळ असायची. ती ओळ आजपर्यंत मी वाचली नव्हती आणि आप्पांना वाचता येत नव्हती. "आप्पा, ह्याच्यात आत्ता सकाळचे सव्वाआठ वाजलेत."

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं.

मी बंगलोरला फोन लावला. बसवराज ऑफिसात होता, घाईत होता. म्हणाला, "हो, बरोबर आहे, सर. मी त्याला ग्रीनविचच्या वेळेवर ठेवलंय. सर्व्हर तसेच ठेवतात. त्यात साडेपाच तास मिळवायचे. मी सांगितलं नव्हतं का?"

त्यानं सांगितलं नव्हतं. मी आप्पांना समजावलं की हा डबा पहिल्या दिवसापासून लंडनच्या घड्याळावर चालतोय. सिरसाळ्यात बसून.  आप्पा बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. दीड. अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच, साडेसहा. आणि अर्धा. "सात," ते म्हणाले. "संध्याकाळचे सात."  मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "सात वाजता काय चालू आसतंय?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "तुमचं पाणी."

आप्पा दोन वेळा आंघोळ करायचे. सकाळी बंबाच्या पाण्यानं, आणि संध्याकाळी पूजेला बसायच्या आधी रॉडच्या पाण्यानं. पाणी त्यांना कढत लागायचं. सात वाजता रॉड लागायचा, पाऊण तासानं निघायचा. रॉड आणि सर्व्हर एकाच एसटीतून, एकाच होळीला आले होते. म्हणजे त्या ग्राफनं रॉडशिवायची संध्याकाळ कधी बघितलीच नव्हती. आप्पांनी बादली भरली आणि भर दुपारी रॉड लावला. व्होल्टमीटरचा काटा धपकन खाली आला. रॉड काढला, काटा वर गेला. तीनदा त्यांनी ते केलं. नंतर एका वायरमनला बोलावून दाखवलं, तर तो म्हणाला, "आप्पा, तुमच्या घरात येणारी वायर कधीच्या काळची हाय. एवढा रॉड तिला सोसत न्हाई. हा खड्डा तुमच्या घरापुरताच हाय. आन् गिरणीची लाइन तर थ्री फेज, तिचा तुमच्याकडं नुसता ओरखडा उठत आसंल." आम्ही शोधला. ग्राफमध्ये सकाळी साडेसहापासून, म्हणजे खरे दुपारी बारापासून, नीट बघितलं तरच दिसेल असा बारीक ओरखडा होता. गल्लीचं व्होल्टेज कमी होतं ते होतंच. ते सगळ्यांचं मिळून कमी होतं, त्याला कुणी एक धनी नव्हता.

मला वाटलं आप्पा आता गुपचूप रॉड बदलतील. माणूस तेच करेल. मी तर नक्की तेच केलं असतं. त्यांनी अर्जावर सह्या केलेल्या सगळ्यांना गिरणीच्या बंद दारासमोर बोलावलं. हातात नवी प्रिंट. "हा खड्डा माझा हाय," ते म्हणाले. "माझ्या आंघोळीचा. कौसाबाईचा ह्याच्यात काही संबंध न्हाई." शिंपी हसला. एक जण म्हणाला, "आप्पा, एवढ्यानं गल्ली बुडाली व्हय." आप्पा हसले नाहीत. कौसाबाई दारात उभ्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "बरं." आणि आत गेल्या.

मग आम्ही वीज कचेरीत गेलो. तिथले साहेब तरुण होते, वैतागलेले होते. म्हणाले, "तुम्हीच तक्रार केली, आता तुम्हीच जोडा म्हणता. बाईंचा भार मंजुरीपेक्षा जास्त आहे, हे तर खरं आहे ना?"

"खरं हाय," आप्पा म्हणाले. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"भार जास्त कधीपासून हाय?"

साहेब म्हणाले, "पहिल्यापासून असेल."

"मग तवा कावून न्हाई तोडली?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. आप्पा बाकावर बसले आणि म्हणाले की वाढीव भार मंजूर करायला जे काही लागतं ते सांगा, मी करतो, पण जोडल्याशिवाय उठणार न्हाई. साहेबांना वाटलं म्हातारा जेवायला जाईल. म्हातारा गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी पण. प्रत्येक आल्यागेल्याला साहेबांच्या समोर ग्राफ दाखवून "हा खड्डा माझा हाय" असं सांगायला लागला. आठवड्याच्या आत गिरणीची लाइन जोडून मिळाली. मला वाटतं साहेबांना आप्पांचा कंटाळा आला, पण कसं का होईना, काम झालं. कौसाबाईंच्या लेकीची फी त्या महिन्यात थोडी उशिरा गेली. पण गेली.

कौसाबाईंनी आप्पांशी बोलणं सोडलं ते सोडलंच. आप्पांनी आयुष्यात कधी दळण उचललं नव्हतं. आता ते दर आठवड्याला ज्वारीचा डबा स्वतः खांद्यावर घेऊन गिरणीत जायचे आणि बायकांच्या रांगेत उभे राहायचे. कौसाबाई त्यांचा डबा सगळ्यात शेवटी घ्यायच्या, मग त्यांचा नंबर कुठलाही असो. आप्पा उभे राहायचे. पीठ डोक्यावर, खांद्यावर पडून ते पांढरे व्हायचे आणि तसेच घरी यायचे. काकू म्हणायच्या, "दोघं बी हट्टी. मधल्या मधी माझं दळण अडकतंय."

आणि रॉड आप्पांनी काढून टाकला. वायर बदलून घ्या, मी म्हटलं, खर्च फार नाही. त्यांनी वायर बदलली नाही. लहान रॉड आणला नाही, काकूंना संध्याकाळी बंब पेटवू दिला नाही. रोज सातला गार पाण्यानं आंघोळ. उन्हाळा निघाला, पावसाळा निघाला. पौष आला तसा त्यांना खोकला लागला. काकू रडकुंडीला आल्या. "सर, तुमी सांगून बघा, तुमचं ऐकतेत." माझं कुणी कधी ऐकलेलं मला आठवत नाही, तरी मी सांगून बघितलं. आप्पांनी मला पडद्यासमोर नेलं. बसवराजनं घड्याळ आता आपल्या वेळेवर आणून दिलं होतं. सात वाजता पट्टी सरळ होती. "सरळ हाय," ते खोकत म्हणाले. "राहू द्या सरळ." मला त्यांचा राग आला. मी खाली आलो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी क्लास बंद करत होतो. कौसाबाई डोक्यावर हंडा घेऊन आप्पांचा जिना चढत होत्या. हंड्यातून वाफ निघत होती. वर जाऊन त्यांनी तो दारात टेकवला. काकू बाहेर आल्या. कौसाबाई त्यांच्या नेहमीच्या, मोटारीवरच्या आवाजात म्हणाल्या, "घ्या. चुलीवरचं हाय. म्हातारं गारठून मेलं तर त्याचा खड्डाबी माझ्याच गिरणीवर काढतील."

आप्पा आत होते. त्यांना ऐकू गेलं असणारच, गल्लीला गेलं. ते बाहेर आले नाहीत. थोड्या वेळानं बाथरूममधून पाणी ओतल्याचा आवाज आला.

तेव्हापासून रोज सात वाजता हंडा यायचा. रिकामा हंडा आप्पा सकाळी घासून, नखानं वाजवून, गिरणीच्या पायरीवर ठेवून यायचे. हे कितीतरी वर्षं चाललं. दोघांत एक शब्द नाही. मी पुढे क्लास वाढवला, जुने कम्प्युटर काढून नवे घेतले. पण आप्पा वरचा पिवळा डबा काढू द्यायचे नाहीत, म्हणून तोही चालू राहिला. लेक नर्स झाली, लग्न होऊन गेली. हंडा चालूच होता.

एका सकाळी काकूंची हाक आली. मी वर गेलो तर आप्पा त्याच खोलीत, खुर्चीत बसलेले होते. पूजा झालेली होती, भस्म ताजं होतं, समोर ग्राफ उघडा होता. मी हात धरून बघितला आणि मला कळलं. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

पाठोपाठ कौसाबाई आल्या. हाताला पीठ नव्हतं, म्हणजे अजून बारा वाजले नव्हते. त्या आप्पांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी काकूंना हळू आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"आत्ताच," काकू म्हणाल्या. "पूजा करून बसले, अन् गेले."

कौसाबाई तशाच वळल्या आणि जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी आप्पांना माती देऊन आम्ही परत आलो. घर माणसांनी भरलं होतं. मी एकटाच त्या खोलीत गेलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पडद्याकडं बघितलं. दुपारी आप्पांना कढत पाण्यानं आंघोळ घातली होती, कौसाबाईंच्या चुलीवरून हंड्यामागून हंडा आला होता. पट्टीत त्याचा खड्डा नव्हता. बाराला गिरणीचा ओरखडा असायचा, तोही नव्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पट्टी सरळ होती.